ओहोटीच्या चिखलातले डायटम : नमुना घेण्यापासून गणतीपर्यंत

दिवसा ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर तास-दीड तास नजर ठेवली तर त्याचा रंग बदलताना दिसतो. राखाडी गाळावर आधी पुसट आणि मग चांगली ठळक सोनेरी-तपकिरी झाक चढते, भरतीचं पाणी यायच्या सुमारास ती उतरते. ही झाक डायटमांची. सिलिकाच्या कवचातली ही एकपेशीय शैवालं गाळातून वर सरकतात, उन्हात प्रकाशसंश्लेषण करतात आणि पाणी चढायच्या आधी पुन्हा खाली जातात. सोनेरी रंग त्यांच्यातल्या फ्यूकोझँथिन या रंगद्रव्याचा. बारीक चिखलात प्रकाश जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खोल पोचतो, म्हणजे सगळा व्यवहार तेवढ्याच थरात चालतो. तरीही काही नदीमुखांमध्ये एकूण प्राथमिक उत्पादनाचा निम्म्यापर्यंतचा वाटा या थराचा असतो. शंखातले छोटे जीव, कृमी, गाळ चाटणारे मासे यांचं पोट त्यावर भरतं. शिवाय डायटम सरकताना जो चिकट स्राव सोडतात त्याने गाळाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि लाटांनी सहज वाहून जात नाहीत.

हा लेख या कामाला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी आहे. डायटमांवरच्या बहुतेक सूचना आम्लाने कवचं साफ करण्यापासून सुरू होतात. नवखा माणूसही तिथेच घाई करतो, कारण स्वच्छ कवचांवरची नक्षी दिसली की नावं लावता येतात. माझं म्हणणं वेगळं आहे. आधी नमुना जिवंत पाहा, नीट पाहा, त्याच्या नोंदी करा आणि मगच आम्लाकडे वळा. गाळात मेलेल्या डायटमांची कवचं भरपूर असतात, काही दूरवरून पाण्याबरोबर आलेली, काही जुन्या थरांतून उकरली गेलेली. आम्लातून बाहेर पडल्यावर कालचं जिवंत आणि कधीचं मेलेलं यांत काहीच फरक उरत नाही. मग हातात येते ती नावांची यादी, तिथल्या समुदायाचं चित्र नव्हे.

ओहोटी बघून दिवस ठरवा

भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या आणि दिवसाउजेडी चांगली ओहोटी कधी आहे ते पाहा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, खालचा पट्टा नीट उघडा पडत नाही, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण सोयीचं. जिथे दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते तिथे उधाणाची नीचांकी ओहोटी दर पंधरवड्याला घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते. हे लक्षात ठेवलं तर महिनोन्महिने घेतलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहता येतात, कारण प्रत्येक वेळी सूर्य जवळपास तेवढाच वर असतो. एकदा सकाळी आठला आणि पुढच्या वेळी भर दुपारी नमुना घेतला, तर फरक ऋतूचा की उन्हाचा हे कधीच कळणार नाही.

नीचांकी ओहोटीच्या दोनेक तास आधी पोचा. पाणी उतरेल तसं त्याच्यामागे खाली जा आणि ते वळायच्या वेळेला तुम्हीही वळा. एकट्याने जाऊ नका. मऊ चिखलात पाय मांडीपर्यंत रुतू शकतो आणि सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी ओहोळांतून तुमच्या मागे आधी शिरतं. कितीही अनुभव असला तरी हा नियम मोडायचा नाही.

नुकताच मोठा पाऊस पडून गेला असेल तर तशी नोंद करा, शक्य असल्यास दिवस पुढे ढकला. उघड्या गाळावर पावसाचे टपोरे थेंब पडले की वरचा थर उखडतो आणि क्षारता एकदम घसरते.

जागा निवडताना

किनाऱ्यावरून पाण्याच्या दिशेने सरळ खाली जाणारी रेघ आखा : वरचा, मधला आणि खालचा असे तीन पट्टे सुरुवातीला पुरेत. प्रत्येक पट्टा दिवसाकाठी किती वेळ उघडा राहतो यावर तिथले डायटम ठरतात, तसे गाळाच्या कणांच्या आकारावरही.

कणांच्या आकाराकडे दुर्लक्ष करू नका. बारीक चिखलात सापडतात ते मोकळे सरकणारे, बहुधा लांबट डायटम : नॅव्हिक्युला, गायरोसिग्मा, प्ल्युरोसिग्मा, निट्झशिया, सिलिंड्रोथीका. वाळूत मात्र कणाकणाला घट्ट चिकटलेले, अगदी लहान डायटम जास्त. कित्येकदा ते दहा-वीस मायक्रोमीटरच्या आतले असतात आणि वाळूच्या दाण्यावरच्या खळग्यांमध्ये लपतात, म्हणजे दाणे घासले गेले तरी बचावतात. तिसरा गट पाहुण्यांचा. कोसिनोडिस्कस, थॅलॅसिओसिरा असे पाण्यात तरंगणारे गोल डायटम गाळावर येऊन बसतात. पॅरालिया सल्काटा कधी तळाशी, कधी लाटांनी ढवळून वर पाण्यात. ही तीन बिऱ्हाडं पहिल्या दिवसापासून वेगळी ओळखायला शिका, पुढचे अर्धे घोटाळे टळतात.

प्रत्येक पट्ट्यात चार-पाच नमुने तरी घ्या, आणि ते एक मीटरच्या चौकटीत विखरून. डायटमांचा थर कुठेच एकसारखा नसतो, हातभर अंतरावर प्रमाण दुप्पट-तिप्पट बदलू शकतं. इथे एक मोह आवरावा लागतो : डोळा आपोआप सर्वांत तपकिरी ठिगळाकडे जातो आणि हातही तिकडेच वळतो. जागा आधी चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक आकड्यांनी ठरवून ठेवा आणि तिथे ठिगळ असो-नसो, नमुना तिथलाच घ्या.

नमुना काढणं

प्लास्टिकची इंजेक्शनची मोठी सिरिंज घेऊन तिचं टोक कापून टाकलं की साधी, स्वस्त नळी तयार होते. आतला व्यास २.५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ भरतं ४.९ चौरस सेंटिमीटर. हा आकडा नळीवरच लिहून ठेवा, पुढे सगळ्या हिशोबात तो लागतो.

वापरायची रीत अशी : दट्ट्या नळीच्या कापलेल्या तोंडाशी आणून चिखलाच्या पृष्ठभागाला अलगद टेकवा. मग दट्ट्या तिथेच स्थिर धरून फक्त बाहेरची नळी खाली दाबा. दट्ट्या वर ठेवून नळी खुपसली तर आतली हवा पृष्ठभाग दाबते आणि ज्या दोन मिलिमीटरांसाठी आपण आलोय तेच विस्कटतात. नळी पुरेशी खाली गेली की बाजूने बोट किंवा पट्टी घालून तळ बंद करा आणि वर काढा. नंतर नळी उलटी करून दट्ट्याने गाळ हळूच पुढे सरकवा आणि पृष्ठभागाकडचा पातळ काप कापून घ्या. हा काप दोन मिलिमीटरचा घ्या किंवा पाच, पण अख्ख्या अभ्यासात तोच ठेवा आणि दर वेळी लिहा.

एका जागेवरून तीन वाटे करा. एक जिवंत पाहण्यासाठी, तो थंड आणि सावलीत न्या. दुसरा लुगॉल आयोडीन किंवा फॉर्मॅलिन घालून टिकवण्यासाठी. लुगॉलचे नमुने अंधारात ठेवावे लागतात आणि रंग फिका पडला की पुन्हा थेंब टाकावे लागतात. तिसरा क्लोरोफिलसाठी, तो लगेच बर्फात आणि त्याच दिवशी फ्रीजरमध्ये.

जागेवरच लिहून घ्यायचं : घड्याळाची वेळ, ती जागा उघडी पडून किती वेळ झाला, ऊन की ढग, गाळाचं तापमान, गाळातल्या पाण्याची क्षारता, पृष्ठभागाचा रंग. हिरवट झाक असेल तर युग्लेना असू शकतो, काळपट निळा-हिरवा चिवट पापुद्रा असेल तर सायनोबॅक्टेरिया. तपकिरी दिसणारा प्रत्येक डागही डायटमांचा नसतो. या नोंदींपैकी ‘उघडी पडून किती वेळ झाला’ ही सर्वांत जास्त विसरली जाते आणि नंतर सर्वांत जास्त लागते. डायटम वर आलेले आहेत की अजून खालीच आहेत, हे तिच्यावर ठरतं.

जिवंत पाहणं

इथे वेळ काढा, शक्य तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

गाळाचा वाटा पेट्री डिशमध्ये सेंटिमीटरभर जाडीचा पसरा. वरचं मोकळं पाणी टिपून घ्या, पण गाळ ओलसर राहू द्या. त्यावर लेन्स पुसायच्या कागदाचे, म्हणजे लेन्स टिश्यूचे, दोन थर अंथरा. जागेवरच्या गाळलेल्या समुद्रपाण्याने कागद भिजवा. गोडं पाणी चालणार नाही, पेशींना क्षारतेचा धक्का बसतो आणि त्या सरकेनाशा होतात. डिश मंद उजेडात ठेवून द्या. काही तासांत डायटम उजेडाकडे चढतात आणि कागदाच्या तंतूंमध्ये येऊन बसतात. वरचा थर चिमट्याने उचलून थोड्या गाळलेल्या समुद्रपाण्यात झटकला की गाळाशिवाय, जवळजवळ शुद्ध डायटम हाती येतात. ही रीत ईटन आणि मॉस यांनी १९६६ मध्ये तपासून मांडली आणि तिची जागा घेईल असं सोपं काही अजून आलेलं नाही. कागदाऐवजी गाळावर नुसत्या कव्हरस्लिपा ठेवल्या तरी डायटम काचेच्या खालच्या बाजूला चिकटतात. ती कव्हरस्लिप तशीच स्लाइडवर घेऊन पाहता येते.

वेळ साधा. किनाऱ्यापासून दूर प्रयोगशाळेत, ना भरती ना ओहोटी, तरीही डायटमांचं चढणं-उतरणं काही दिवस तिथल्याच ओहोटीच्या वेळा पाळत राहतं. म्हणून कागद ठेवायचा तो मूळ जागी ओहोटी असेल त्या दिवसाच्या वेळेला. रात्री उशिरा दिवा लावून बसलात तर डिश रिकामी वाटेल आणि दोष नमुन्याला जाईल.

आणि ही रीत फक्त सरकणाऱ्यांनाच पकडते हे विसरू नका. वाळूच्या कणांना चिकटलेले कागदावर येणार नाहीत. त्यांच्यासाठी वाळू गाळलेल्या समुद्रपाण्यात दोन-तीनदा हलकेच खळखळवून मोकळे डायटम काढून टाका आणि उरलेले दाणे थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दाण्यावरचे तपकिरी ठिपके म्हणजे तीच वस्ती.

आता चाळीसच्या भिंगाखाली थेंब पाहा. गायरोसिग्मा दिसला तर थोडा वेळ त्याच्याच मागे राहा. इंग्रजी एस अक्षरासारखा हलकासा वळलेला तो लांबट देह सरळ रेषेत पुढे जातो, गाळाचा कण आडवा आला की त्याला ढकलतो, नाही ढकलता आला की क्षणभर थांबून आल्या वाटेने मागे फिरतो. शेपटी नाही, केस नाहीत. कवचाच्या मधोमध एक बारीक चीर असते, रॅफे. तिच्यातून चिकट स्राव बाहेर येऊन पृष्ठभागाला धरतो आणि पेशीच्या आतले ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू सगळा देह पुढे ओढतात. वेग सेकंदाला काही मायक्रोमीटरपासून वीसेक मायक्रोमीटरपर्यंत. बॅसिलारिया पॅक्सिलिफेरा सापडला तर नशीब समजा. काड्यांच्या जुडीसारख्या पेशी एकमेकींवरून घसरत लांबच लांब पसरतात आणि पुन्हा गोळा होतात, सतत. ही हालचाल आम्ल घातल्यावर कोणीच कधी पाहू शकणार नाही.

जिवंत पेशीत पाहायची दुसरी गोष्ट म्हणजे हरितलवक. नॅव्हिक्युलात दोन पट्ट्या, देहाच्या दोन कडांना एकेक. निट्झशियात दोनच, पण एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. गोल डायटमांमध्ये बहुधा पुष्कळ छोट्या चकत्या. लहान आकाराच्या पेशींत कवचावरची नक्षी दिसत नसतानाही प्रजातीचा गट यावरून हाती लागतो. प्रत्येक रूपाचं चित्र काढा, फोटो असला तरी काढा. हाताने काढताना जे दिसतं ते फोटो घेताना निसटतं.

याच टप्प्यावर जिवंत आणि रिकाम्या पेशींची गणती करून ठेवा. हरितलवक शाबूत असेल ती पेशी जिवंत धरायची. प्रत्येक रूपाच्या जिवंत पेशी किती, रिकामी कवचं किती, एवढा साधा तक्ता पुढे स्लाइडवरच्या यादीला अर्थ देतो.

कवचं साफ करणं

हे काम धूर खेचून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

आधी मीठ काढा : नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळा, बसू द्या, वरचं पाणी ओता, असं तीन-चारदा. मग शिंपल्यांचा चुना विरघळवण्यासाठी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, बुडबुडे थांबेपर्यंत. पुन्हा धुवा, आणि इथे आळस नको, कारण हे आम्ल आणि पुढचं पेरॉक्साइड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. त्यानंतर सेंद्रिय भाग जाळायला ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घाला. काही गाळ एकदम फसफसून उतू जातो, म्हणून बीकर मोठा घ्या. मंद उष्णता द्या आणि गाळ फिका होईपर्यंत चालू ठेवा. अल्कोहोलमध्ये ठेवलेला नमुना असेल तर पेरॉक्साइडच्या आधी अल्कोहोल पूर्ण धुऊन काढा, त्यांचं मिश्रण स्फोटक ठरू शकतं.

मग लिटमस उदासीन दाखवेपर्यंत धुणं. प्रत्येक वेळी कवचं बसायला पाण्याच्या दर सेंटिमीटर उंचीला किमान एक तास द्या. सेंट्रिफ्यूजने काम लवकर होतं, पण सिलिंड्रोथीकासारखी नाजूक, लांब कवचं त्यात मोडतात, आणि ती तशीही आम्लात नीट टिकत नाहीत. जिवंत नोंदी आधी का करायच्या याचं हे आणखी एक कारण.

वाळू जास्त असेल तर ढवळून काही सेकंदांत वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, दाणे मागे राहतात. तरी बारीक खनिजकणांची गर्दी असेल तर सोडियम पॉलीटंगस्टेटचं जड द्रावण वापरतात. क्वार्ट्झची घनता २.६५, डायटमांच्या सिलिकाची त्याहून कमी, म्हणून २.३ च्या आसपासच्या द्रावणात कवचं वर तरंगतात आणि वाळू तळाशी बसते. सुरुवातीला याची गरज क्वचितच पडते.

स्लाइड बनवताना द्रावणाचा थेंब कव्हरस्लिपवर ठेवून झाकून रात्रभर आपोआप वाळू द्या. घाईने तापवला तर कवचं कडेला गोळा होतात आणि मोजणी बिघडते. चिकटवायला नॅफ्रॅक्ससारखं माध्यम हवं. साध्या बाल्समचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास, सुमारे १.५३. डायटमांच्या सिलिकाचा सुमारे १.४३. फरक एवढा कमी की कवचावरच्या नक्षीतल्या बारीक रेषा दिसतच नाहीत. नॅफ्रॅक्सचा अपवर्तनांक १.७ च्या आसपास असल्याने त्या उठून दिसतात.

ओळख पटवणं

शंभरचं तेलातलं भिंग लागेल, आणि डोळ्याकडच्या भिंगातली मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे नेमकं माप कोरलेल्या स्लाइडने, तपासून घेतलेली असावी. डायटमचं कवच डबी आणि तिच्या झाकणासारखं दोन भागांचं असतं. वरून पाहिलं तर एक आकार, कडेवरून पाहिलं तर दुसराच. नवख्यांच्या यादीत एकच प्रजाती दोन नावांनी येते ती यामुळे. संशय आला की जिवंत नमुन्याकडे परत जा, सुईने कव्हरस्लिपवर हलकंसं टिचका आणि पेशी कुशीवर वळताना पाहा.

दुसरा सापळा लांबीचा. प्रत्येक विभाजनात दोन्ही पिल्लपेशींना जुना अर्धा भाग झाकण म्हणून मिळतो आणि तळ नवा, आतल्या मापाचा तयार होतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सरासरी आकार घटत जातो, आणि पुढे लैंगिक प्रजननातून तयार होणाऱ्या ऑक्सोस्पोरमधून तो पुन्हा वाढतो. मॅकडोनाल्ड आणि फित्झर यांनी १८६९ मध्येच हे मांडलं होतं. एकाच प्रजातीच्या पेशी लांबीला निम्म्या-दुप्पट असू शकतात, रुंदी मात्र बरीच कमी बदलते आणि १० मायक्रोमीटरमधल्या रेषांची संख्या त्याहून स्थिर. म्हणून नाव लावताना रेषा मोजा, लांबीवर विसंबू नका.

नावं सतत बदलत असतात. एके काळी नॅव्हिक्युलात मोडणाऱ्या कित्येक प्रजाती आता वेगळ्या वंशांत गेल्या आहेत. आजचं मान्य नाव अल्गीबेस किंवा डायटमबेस या ऑनलाइन नावसूचींवर ताडून पाहा. आणि प्रजातीपर्यंत खात्री नसेल तर वंशाचं नाव देऊन पुढे ‘प्रकार १’ असं लिहा, सोबत फोटो आणि मापं ठेवा. प्रामाणिक ‘नॅव्हिक्युला प्रकार ३’ हे ओढूनताणून लावलेल्या नावापेक्षा शंभर पटींनी उपयोगी. पुढचा माणूस त्याला नाव देऊ शकतो, चुकीचं नाव मात्र कायम यादीत फिरत राहतं.

गणती आणि क्लोरोफिल

कव्हरस्लिपच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ पट्ट्यात जा आणि ३०० ते ४०० कवचार्धं मोजा. पूर्ण कवच म्हणजे दोन अर्धं. तुकडा मोजायचा तो मध्यभाग असेल तरच, नाही तर एकच पेशी दोनदा मोजली जाते. निघालेले टक्के जिवंत गणतीच्या तक्त्याशेजारी मांडा. स्लाइडवर पॅरालिया भरपूर आणि जिवंत थेंबात एकही नाही, असं दिसलं तर ती तिथली रहिवासी नाही. ही तुलना केल्याशिवाय विविधतेचे निर्देशांक काढत बसू नका.

एकूण किती डायटम आहेत याचा अंदाज क्लोरोफिल-ए वरून घेतात. गोठवलेला काप ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात, थंड जागी चोवीस तास ठेवायचा. ६६४ आणि ७५० नॅनोमीटरवर शोषण मोजायचं, मग आम्लाचे थेंब टाकून ६६५ आणि ७५० वर पुन्हा. गाळात मेलेलं रंगद्रव्य खूप असतं, म्हणून आम्लाची पायरी वगळू नका. उत्तर चौरस मीटरला मिलिग्रॅम असं द्या, कापाच्या जाडीसह. दर ग्रॅम गाळाचा आकडा एकट्याने फसवतो, कारण गाळात पाणी किती आणि तो किती दाबलेला आहे यावर तो हलतो.

उरलेली साफ कवचं काही थेंब अल्कोहोल घालून घट्ट झाकणाच्या छोट्या कुपीत ठेवा. कुपी आणि स्लाइड दोन्हींवर जागा, पट्टा, तारीख आणि कापाची जाडी पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहा. लुगॉलचा वाटा वेगळा जपा, कारण त्यात हरितलवक अजून आहे आणि एखाद्या नावाबद्दल वाद झाला तर तिथेच परत जावं लागतं.